उरलेला नंबर उरलेल्या खोक्याला

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

पुण्याहून कंपनीचं पत्र आलं. भाषा गोड आहे, मजकूर धमकीचा. आमच्या मुरुमच्या पार्सल हबमध्ये शंभरातल्या सात पार्सलांचा बारकोड स्कॅनर वाचत नाही. दिवाळीआधी हे प्रमाण एकाच्या खाली आलं नाही तर हब बंद आणि सगळं सॉर्टिंग सोलापुरात. म्हणजे सव्वीस माणसं घरी. सत्ताविसावी मी, हबची मॅनेजर, पण माझी अठ्ठावन्न वर्षं झालीत, माझं काय.

रोज चार हजार पार्सलं येतात. बेल्टवरून जाताना स्कॅनर बारकोड वाचतो आणि पार्सल आपापल्या गावाच्या गोणीत पडतं. जे वाचता येत नाही ते कोपऱ्यातल्या टेबलावर जातं. आमची माणसं त्यांना मुकी खोकी म्हणतात. टेबलावर खैरुनबी आणि ईरण्णा असतात. दोन सह्या घेऊन, एक उघडणाऱ्याची, एक माझी, खोकं उघडायचं, आतल्या पावतीवरचं नाव बघायचं, पुन्हा बंद करायचं, नवं लेबल लावायचं. एका खोक्याला पाच मिनिटं. दिवसाला तीनशे मुकी. निम्मी दुसऱ्या दिवसावर जातात.

पत्रात लिहिलंय, स्वतः शिकणारा कॅमेरा पाठवतोय. ठीक. येऊ दे.

६ सप्टेंबर, शुक्रवार

कॅमेऱ्यासोबत इंजिनिअर आली. दीपाली. वय पंचवीस-सव्वीस, पायात पांढरे बूट. दुपारपर्यंत त्यांचा रंग बदलला.

तिनं मुकी खोकी पाहिली आणि विचारलं, "मॅडम, लेबलं लाल कशानं झालीत?"

"तुळजापूर," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हंजी कुंकू," ईरण्णा म्हणाला. "तुळजापूरची दुकानं आता पार्सलनं कुंकू, हळद, दिव्याचं तेल धाडत्यात. पुडी फुटती, बाटली गळती. मंग गोणीतलं समदं देवीचं हुतं बगा."

तेलानं लेबलवरची छपाई उडते आणि कुंकवानं पट्ट्या झाकतात. दीपालीनं समजावलं की जुन्या स्कॅनरचा उजेडच लाल असतो, त्यामुळं लाल थराखालच्या पट्ट्या त्याला धड दिसत नाहीत. नवा कॅमेरा पांढऱ्या उजेडात फोटो काढील. आम्ही रोजच्या मुक्या खोक्यांचे खरे नंबर त्याला सांगायचे. फोटो आणि नंबर, फोटो आणि नंबर. दहा हजार फोटोंनंतर त्याला न दिसणारं दिसू लागेल.

मग तिनं बेल्टकडं बोट दाखवलं. "पण हे रोज झाडत नाही का?"

"झाडतो की," शिवानंद ड्रायव्हर म्हणाला. "कुंकू सोडून."

"सोडून का?"

"देवीच्या कुंकवाला झाडू लावू का मी? तुम्ही लावता का?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं की आमच्याकडं ते हातानं गोळा करून वाटीत भरतात. मी बी.एस्सी. आहे, १९८७ ची, विषय गणित. अंधश्रद्धा मला चालत नाही. पण प्रत्येक गोष्टीला एक रीत असते.

११ सप्टेंबर, बुधवार

शिकवणी सुरू आहे. खैरुनबी आणि ईरण्णा नंबर टाकतात, मशीन शिकतं.

दीपालीनं एक गोष्ट चांगली सांगितली. त्या दिवशी येणाऱ्या सगळ्या पार्सलांची यादी मशीनकडं आधीच असते. अर्धवट पट्ट्या दिसल्या की यादीतला सर्वांत जवळचा नंबर ते निवडतं, आणि आपली खात्री किती तेही शंभरात सांगतं. नव्वदच्या खाली खात्री असली तर खोकं माणसाकडं.

खैरुनबी म्हणाल्या, "नव्वद म्हणजे दहात एक चूक ना गं बेटी?"

"तसंच काही नाही मावशी."

"मग कसं?"

दीपाली पुन्हा स्क्रीनकडं वळली. खैरुनबी चौथीपर्यंत शिकल्यात. हबमध्ये नऊ वर्षं आहेत, त्याआधी मुरुमच्या आडतीत गोण्या मोजत होत्या. प्रश्न फार विचारतात.

आज ईरण्णाच्या घरचं खोकं आलं. हिरव्या टेपचं, वहीएवढं. दर महिन्याला येतं. त्याची बायको शिवकन्या. दोन वर्षांपूर्वी तिला सासूनं, म्हणजे सारजाबाईनं, स्वतःची किडनी दिली. परकी किडनी म्हणून शरीरानं ती टाकू नये यासाठी जन्मभर गोळ्या. पुण्याचा औषधवाला रोजच्या गोळ्या रोजच्या पुडीत भरून महिन्याचं खोकं पाठवतो. सकाळची पुडी, रात्रीची पुडी. एकही चुकवायची नाही. ईरण्णा ते खोकं दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. स्वतः गोणीतून काढतो, स्वतः घरी नेतो.

"आईची किडनी हाय बाई तेच्यात," म्हणतो. "दुसरी कुटली आणू?"

२१ सप्टेंबर, शनिवार

प्रमाण तीनवर आलं. मशीन शिकतंय. माणसांपेक्षा बरं, एकदा सांगितलेलं विसरत नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल घट बसले. आज तुळजापूरच्या चौदा गोण्या आल्या, एरवी चार येतात. तीन आतून फुटलेल्या. बेल्ट लाल, माणसांचे हात लाल, माझ्या टेबलावरचे कागद लाल. मुकी खोकी तीनशे एकाहत्तर. प्रमाण आठच्या वर गेलं. महिन्याची मेहनत मातीत.

पुण्याहून फोन: "बिराजदार मॅडम, दिवाळीला चार आठवडे राहिले." मला दिनदर्शिका वाचता येते.

५ ऑक्टोबर, शनिवार

दीपालीला फोन केला. खात्रीची अट नव्वदवरून सत्तरवर आणायला सांगितली.

ती म्हणाली, "मॅडम, त्यात चुका वाढतील."

"आमच्या माणसांच्या चुका होत नाहीत का?"

"होतात. पण माणूस अडला की थांबतो. हे थांबणार नाही."

"थांबणं हाच तर रोग आहे आमचा."

तिनं अट बदलली. मेलवर लिहून मागितलं, मी लिहून दिलं. मी जबाबदारीला घाबरत नाही.

मुकी एकशे दहावर आली.

८ ऑक्टोबर, मंगळवार

आज एक उपाय सुचला. इतका सोपा की आधी कसा सुचला नाही याचं नवल वाटतं.

मशीननं वाचायचं ते वाचून झालं की संध्याकाळी यादीत काही नंबर उरतात आणि टेबलावर काही खोकी उरतात. एखाद्या दुकानाचा यादीत एकच नंबर उरला असेल आणि त्याच दुकानाचं एकच खोकं टेबलावर असेल, तर ते खोकं उघडायचं कशाला? उरलेला नंबर उरलेल्या खोक्याला. लेबल छापा, चिकटवा, गोणीत टाका. हे शाळेतलं गणित आहे.

सगळ्यांना उभं करून सांगितलं. खैरुनबींनी मान हलवली, पण नकाराची.

"बाई, पहिलं बरोबर असलं तर दुसरं बरोबर. पहिलं कुणी बघितलं?"

"मशीननं बघितलं."

"मशीननं कुंकू बघितलं. मी पावती बघते."

"पावती बघायला पाच मिनिटं लागतात खैरुनबी. तेवढ्यात सव्वीस घरं बुडतात."

"बुडू द्या म्हणत नाही मी. पण ज्याचं त्याला जायला पाहिजे ना. एवढंच तर काम आहे आपलं."

शिवानंद मागून म्हणाला, "मावशीला इंजिनिअर करा की वो!" सगळे हसले. खैरुनबी हसल्या नाहीत. लेबल चिकटवायला मी हात लावणार नाही, म्हणाल्या.

सगळ्यांसमोर नाही म्हटलं की हब चालत नाही. त्यांना गोण्या शिवायला बसवलं. टेबल एकट्या ईरण्णाकडं. तो हुकूम मानतो.

१० ऑक्टोबर, गुरुवार

शून्य पूर्णांक आठ!

चार हजार दोनशे पार्सलांत फक्त चौतीस मुकी. नवरात्रात. मी आकडा स्वतः तीनदा तपासला.

ईरण्णाचं हिरव्या टेपचं खोकं आलं. या खेपेला गोणीत तसली दोन होती, दोन्ही कुंकवानं माखलेली. आलूरचा कुणी नवा गिऱ्हाईक झालाय त्या औषधवाल्याचा. एक मशीननं वाचलं, शिवकन्याचं. दुसरं मुकं राहिलं, पण औषधवाल्याचा उरलेला नंबर एकच, आलूरचा. ईरण्णानं मिनिटात लेबल चिकटवून ते आलूरच्या गोणीत टाकलं. आधी या दोन खोक्यांनी दहा मिनिटं खाल्ली असती.

स्वतःचं खोकं काखेत मारून म्हणाला, "बाई, डिलिव्हरी मीच घेऊन चाललो. सही कुणाची घेऊ?"

"बायकोची घे. आणि उद्या वेळेवर ये."

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. बेल्टची, कॅमेऱ्याची पूजा. भिंगाला कुंकू लागू नये म्हणून मी स्वतः उभी राहिले. शिवानंदनं तरी खालच्या खांबाला पाच बोटं ओढलीच.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

कंपनीचा मेल आला. सलग सात दिवस एकाच्या खाली. हब चालू राहणार. साहेबांनी नियमाची माहिती मागवली आहे, "मुरुम पद्धत" असं नाव दिलंय त्यांनी. मी अर्धं पान लिहून पाठवलं. नाव माझंच घातलं. का घालू नये?

पेढे वाटले. खैरुनबींनी घेतला, कपाळाला लावला, पदरात बांधला. खाल्ला नाही.

ईरण्णाचं लक्ष नव्हतं. विचारलं तर म्हणाला, शिवकन्याच्या पायावर सूज आहे, दोन दिवस कणकण आहे.

"नवरात्राचे उपास केले असतील."

"केले वो. न्हाय म्हनलं तरी केले."

"मग त्यानंच. मीठ कमी कर म्हणावं. गोळ्या घेते ना वेळेवर?"

"एक चुकवत न्हाय. ह्या खेपेला रंग बदललाय गोळ्यांचा. पांढऱ्याच्या गुलाबी झाल्यात."

मागंही दोनदा रंग बदलला होता. औषधवाले ज्या कंपनीची मिळेल ती भरतात. मी तसं सांगितलं. त्याला बरं वाटलं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

ईरण्णानं दोन दिवसांची सुट्टी मागितली. शिवकन्याला सोलापूरला दाखवायचंय, लघवी कमी झाली म्हणतो. दिवाळीचा माल अंगावर आलाय. टेबलावर तो एकटा. गुरुवारी जा म्हटलं, बुधवारची मोठी गाडी उतरली की.

"आज गेलो असतो तर…"

"आज गेलास तर टेबल कोण बघेल? मुकी वाढली तर मेल मागं घ्यायला वेळ लागत नाही."

"बरं," म्हणाला. तो कधी वाद घालत नाही.

तीन दिवसांनी काय होतंय. सोलापूर कुठं जातंय.

२३ ऑक्टोबर, बुधवार

मोठी गाडी उतरली. ०.६.

ईरण्णा संध्याकाळी थेट स्टँडवर गेला. शिवकन्याला शेजाऱ्याच्या जीपमधून आणलं होतं. चालवत नव्हतं तिला.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

जे घडलं ते क्रमानं लिहिते.

साडेदहाला आलूरहून फोन. बाई बोलत होत्या, हर्षाली नाव. सासरे महालिंगप्पा, त्यांना ब्लड प्रेशर आणि हृदयाचा आजार. जुन्या गोळ्या रविवारी संपल्या, सोमवारपासून नव्या खोक्यातल्या सुरू केल्या, काल चक्कर येऊन न्हाणीत पडले. "प्रेशर दोनशेच्या वर. डॉक्टर म्हणाले पुड्या दाखवा. पुडीवर बारीक अक्षरांत दुसऱ्याच बाईचं नाव आहे. तुमचं पार्सल चुकलंय."

मी म्हटलं, "आमचं पार्सल चुकत नाही. औषधवाल्यानं भरताना चूक केली असेल. त्यांना फोन करा."

"लेबल तुमच्या हबचं आहे. त्याच्या खाली अजून एक लेबल आहे."

"नाव काय आहे पुडीवर?" मी विचारलं.

त्यांनी इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचली. चौथ्या अक्षराला मला पुढची सगळी कळली. तरी मी त्यांना पूर्ण वाचू दिलं.

बेल्ट थांबवला. ईरण्णाला फोन लावला, तीनदा उचलला नाही. चौथ्यांदा सारजाबाईंनी उचलला.

"सारजाबाई, पुड्या देऊ नका तिला. घरातल्या खोक्यातल्या."

"कुटल्या पुड्या बाई? ती मशीनवर हाय. डाक्टर म्हनत्यात, किडनीनं काम सोडलंय."

मी फोन ठेवला नाही. त्यांनी ठेवला.

डॉक्टरांना मी स्वतः फोन करून कुठल्या गोळ्या पोटात गेल्यात ते सांगितलं. ते म्हणाले, "किती दिवस?" मी मोजलं. बारा तारखेपासून चोवीसपर्यंत. तेरा दिवस. ते म्हणाले, "सोमवारी आणली असती तरी बघता आलं असतं कदाचित."

२६ ऑक्टोबर, शनिवार

आलूरला गेले. महालिंगप्पा खाटेवर, बरे आहेत, कन्नडमध्ये मला काहीतरी म्हणाले. हर्षालीनं भाषांतर केलं नाही. खोकं घेऊन आले.

हबमध्ये खैरुनबींना बोलावलं. त्यांनी ओलं फडकं लावून वरचं लेबल सोडवलं. खाली कुंकू. कुंकवाखाली फिकट पट्ट्या आणि नावाची दोन अक्षरं, पाठीमागून दिवा धरल्यावर दिसली. शि, व.

त्यांनी मला काही सुनावलं नाही. फक्त विचारलं, "बाई, मी टेबलावर परत बसू का?"

"बसा."

मशीनमधली नोंद काढली. महालिंगप्पांचं खोकं मशीनला शिवकन्याचं वाटलं होतं, खात्री चौऱ्याहत्तर. दोन नंबरांत फरक शेवटच्या दोनच आकड्यांचा. नव्वदची अट असती तर ते टेबलावर आलं असतं आणि खैरुनबींनी ते उघडलं असतं. तसं झालं नाही; शिवकन्याचं खरं खोकं मुकं राहिलं आणि उरलेला आलूरचा नंबर त्याला मिळाला.

मशीनची चूक एकच. दुसरी मशीननं केलेली नाही.

२८ ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टरांचं स्पष्ट मत: किडनी गेली. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दुसरी किडनी मिळेल तेव्हा. सारजाबाईंकडं आता एकच आहे, ईरण्णाचा रक्तगट जुळत नाही.

दीपालीला कळवलं. तिनं तारखा विचारून घेतल्या. मग म्हणाली, "मॅडम, तो नियम आम्हाला विचारून केला होता का?"

"नाही."

"लेखी कुठं आहे?"

"लेखी नव्हता. तोंडी होता. सतरा तारखेला मी लिहून पाठवला, तो साहेबांकडं आहे."

"हो," ती म्हणाली. "तो गेल्या सोमवारपासून अकरा हबमध्ये सुरू झालाय."

३१ ऑक्टोबर, गुरुवार

आलूरच्या खोक्याची तक्रार आज बंद करायची होती. फॉर्मवर कारण निवडायला तीनच चौकोन: पाठवणाऱ्याची चूक, ग्राहकाची चूक, कामगाराची चूक. नियमाची चूक असा चौकोन नाही. मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "नियम बरोबर आहे मॅडम. चार लाखांत एक केस. लेबल चिकटवताना लॉगिन कुणाचं होतं?"

"ईरण्णाचं."

"मग झालं. नियम चूक म्हणायचं असेल तर तुमचे सगळे आकडे चूक म्हणावे लागतील. मग हबचा विचार पुन्हा करावा लागेल."

सव्वीस माणसं. उद्या लक्ष्मीपूजन. मी तिसऱ्या चौकोनात खूण केली आणि सही केली. ईरण्णाला ताकीद, नोकरी राहील. हे मी बोलून घेतलं. त्याची नोकरी वाचवली हे खरं आहे. दुसरा कुणी असता तर तेही केलं नसतं.

 

५ नोव्हेंबर, मंगळवार

सोलापूरला जाऊन आले. बोलायचं ठरवून गेले होते.

शिवकन्या खिडकीजवळच्या खाटेवर होती. चेहरा सुजलेला, हातात सुई. मला बघून पदर सारखा करू लागली. सारजाबाई खाली चटईवर बसल्या होत्या, कुशीला हात धरून. तिथं त्यांची जुनी खूण आहे.

"चा घ्या बाई," शिवकन्या म्हणाली. "अहो, बाईंना चा आना की."

ईरण्णा मला बाहेर घेऊन आला. चहाच्या टपरीवर उभा राहून म्हणाला, "माझ्याच हातानं चिकटवलं बाई. तिचंच खोकं हातात हुतं. हलकं लागलं का, जड लागलं का, कायबी बघितलं न्हाय. मशीननं सांगितलं दुसरं तुजं हाय, म्या म्हनलं असंल."

"तिला सांगितलंस?"

"सांगितलं. पयल्याच दिवशी. आईसमोर."

"काय म्हणाली?"

"दोन दिस बोलली न्हाय. मंग म्हनली, तुमी मुद्दाम केलंय व्हय? मला जगवायसाठीच तर राबताय." त्यानं तोंड फिरवलं. "ताकीदीचं पत्र आलं. बरं झालं बाई. कायतरी शिक्षा पायजे."

मी सांगणार होते. चहावाला सुटे पैसे मागत होता, मागून कुणीतरी ईरण्णाला हाक मारली, डॉक्टर आले होते. मी परतीची गाडी पकडली. नळदुर्गपर्यंत उभं राहून आले, जागा होती तरी.

११ नोव्हेंबर, सोमवार

खात्रीची अट पुन्हा नव्वदवर आणायला सांगितली. दीपालीनं विचारलं नाही, लगेच केली. नियमाचं बटण आता मशीनमध्येच आहे. ते मुरुमपुरतं बंद करायचा अधिकार मला आहे, केलं. बाकीच्या दहा ठिकाणी नाही. साहेबांना सविस्तर पत्र लिहिलं: नियम माझा, हुकूम माझा, खैरुनबींनी बजावलं होतं आणि मी त्यांना हटवलं, सुट्टीही मीच नाकारली. फॉर्मवरची खूण खोटी आहे, ती बदलावी.

आज मुकी दोनशे अकरा. पाचच्या वर. सगळी उघडून वाचली. खैरुनबींच्या शेजारी मी बसले. माझे हात सावकाश चालतात.

शिवानंदनं विचारलं, "बाई, हब जातंय का मंग?"

"जाईल बहुतेक."

"मंग चालू ठेवायचं हुतं की ते बटण. एकाचं झालं, पंचवीस जणांचं कशाला?"

त्याला दोन मुली आहेत. मी पुढचं खोकं ओढलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

साहेबांचं उत्तर, दोन ओळी. तक्रार बंद झालेली असल्यानं कारण बदलता येत नाही. प्रमाण पंधरा दिवसांत पूर्ववत न झाल्यास ३१ डिसेंबरपासून मुरुमचं काम सोलापूरला वर्ग होईल.

१८ नोव्हेंबर, सोमवार

ईरण्णा कामावर आला. आठवड्यातून तीन दिवस सोलापूर, तीन दिवस इथं. वजन उतरलंय. टेबलावर माझी खुर्ची बघून थांबला.

मी बेल्ट थांबवला. सगळ्यांना बोलावलं. जिथं उभी राहून तो नियम सांगितला होता तिथंच उभी राहिले. सांगितलं की ईरण्णाची चूक नाही. अट मी उतरवली, नियम मी केला, खोकं उघडायचं नाही हे मी सांगितलं. खैरुनबी बरोबर होत्या. सोमवारची सुट्टी मी दिली नाही. फॉर्मवर मी चूक त्याच्या नावावर टाकून सही केली. आवाज नेहमीसारखा लागला, याचं मलाच आश्चर्य वाटलं.

शिवानंद खाली बघत होता.

ईरण्णाला हलकं वाटेल असं मी धरून चालले होते. आठवडाभर हाच विचार करत होते, की त्याच्या डोक्यावरचं ओझं एकदा माझ्या डोक्यावर आलं की झालं.

त्यानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "कशाला सांगितलं बाई?"

"खरं ते कळायला नको?"

"माझी चूक म्हनून तिनं मला माफ केलं हुतं. म्या मुद्दाम केलं न्हाय, एवढं तिला कळलं, बास झालं. आमी दोघं तेवढ्यावर जेवत हुतो." त्याचा आवाज चढला नाही. "आता घरी जाऊन सांगू, की ही चूक न्हाय, हा हिशोब हुता? सत्तरला चालतंय म्हनून कुनीतरी ठरवलं हुतं, आन त्या तिसातली तू हायस? ती कुनाला माफ करंल मंग?"

"मला," मी म्हणणार होते. ते मागायची रीत मला येत नाही.

खैरुनबी उठल्या, त्यांनी त्याला खुर्ची दिली. तो बसला. पुढ्यातलं खोकं ओढलं, दोऱ्याची गाठ सोडली, आतली पावती काढून मोठ्यानं वाचली. नाव, गाव, नंबर. खैरुनबींनी लिहून घेतलं.

दुसरी सही माझी लागते. मी केली.